स्थानिक मेंढ्यांच्या लोकरीचा स्वेटर टोचतो, तरी तो विणावा का?

जरूर विणा, फक्त कोणती लोकर कशासाठी हे आधी बघा. टोचणं हा तंतूच्या जाडीचा प्रश्न आहे. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेवर दाबला गेला की वाकत नाही, टोकाने टोचतो. मेरिनो जातीच्या मेंढीचे तंतू सहसा 24 मायक्रॉनच्या आत असतात, म्हणून ती लोकर मऊ लागते. जवळच्या कळपाची लोकर जाडीभरडी असेल तर गळ्याशी भिडणारा स्वेटर नको, शर्टावरून घालायचं जाकीट विणा. ते वर्षानुवर्षं टिकतं आणि कोपराला भोक पडलंच तर त्याच लोकरीने रफू करता येतं. घेण्याआधी लडी मानेला दोन मिनिटं लावून ठेवा. तळहाताला टोचणं कळत नाही.

मशीनमध्ये धुता येणारी लोकर असेल तर जरा चौकशी करा, कारण त्यासाठी बऱ्याचदा क्लोरीनची प्रक्रिया करून वर पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकसारखा, थर देतात. मला तर न रंगवलेलीच आवडते. काळ्या, करड्या, पांढऱ्या मेंढीचे रंग जसेच्या तसे नक्षीत उतरतात.

धुताना कोमट पाणी, चोळायचं अजिबात नाही, नाहीतर लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. वाळवताना सपाट पसरा. दोरीवर टाकलात तर पाण्याच्या वजनाने बाह्या लांबतात.