आईचा आजार माझ्या वाट्याला येणारच का?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईला अनेक वर्षे नैराश्याचा आजार आहे. आजोबांनाही तो होता असे म्हणतात. गेले दोन महिने मला धड झोप लागत नाही, पुस्तक उघडले तरी तेच पान समोर राहते आणि तोंडी परीक्षेच्या नुसत्या विचाराने छाती धडधडते. लहानपणी भांड्यांच्या आवाजावरून आईचा दिवस कसा जाणार हे मी ओळखत असे. "ही अगदी आईवर गेली," असे मावशी म्हणाल्यापासून मी धास्तावले आहे. हे रक्तातच असेल तर उपचारांचा काय उपयोग? जनुकीय चाचणी करून घेऊ का? आईला सांगितले तर ती स्वतःलाच दोष देईल.

उत्तर : मावशी मायेने बोलली असेल, पण निदान करणे हे तिचे काम नव्हे. नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो हे खरे आहे. जुळ्यांच्या अभ्यासांचे जे एकत्रित विश्लेषण २००० साली प्रसिद्ध झाले, त्यात हा वाटा सुमारे ३७ टक्के निघाला. चिंताविकारांबाबतचे अंदाजही साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या घरातले आहेत. मात्र हे आकडे मोठ्या समूहातील माणसामाणसांमधल्या फरकांविषयी आहेत, त्यावरून तुझ्या त्रासातला इतका भाग आईकडून आला असे गणित मांडता येत नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला नैराश्य असेल तर जोखीम दोन ते तीन पट वाढते, तरीही अशा घरांत वाढून ज्यांना हा आजार कधीच झाला नाही अशी माणसे पुष्कळ आहेत.

चाचणीवर पैसे घालवू नकोस. नैराश्याचे एखादे ठरावीक जनुक नसते. अनेक जनुकीय फरक आपापला अगदी किरकोळ वाटा उचलतात आणि त्यांवरून एका व्यक्तीचे भविष्य सांगणारी खात्रीची चाचणी आज उपलब्ध नाही.

तुझ्या पत्रातले भांड्यांच्या आवाजाचे वाक्य मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. ज्या घरात मोठ्यांचा दिवस कसा उजाडेल याचा नेम नसतो, तिथे मूल सतत कानोसा घेत राहायला शिकते. त्या वेळी ती सावधगिरी उपयोगी पडते, पण पुढे अध्यापकांच्या कपाळावरची आठीसुद्धा धोक्याची सूचना वाटू लागते. हे जनुकांतून आलेले नाही, घरात राहून अंगवळणी पडलेले आहे, आणि विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचारात नेमक्या अशाच सवयी हळूहळू सोडवल्या जातात. जो भाग खरोखर आनुवंशिक आहे त्यालाही उपचार लागू पडतात. आई-वडिलांकडून आलेल्या दृष्टिदोषाला चष्मा चालत नाही, असे कोणी म्हणत नाही.

दोन महिन्यांची निद्रानाशाची तक्रार परीक्षेच्या ताणावर ढकलून देऊ नकोस. विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे किंवा थेट मनोविकारतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा. थायरॉइडच्या बिघाडामुळेही अशी लक्षणे दिसतात, म्हणून रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचार. जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन रुग्णालय गाठ.

आईला "तुझ्यामुळे" असे काही सांगायचेच नाही; तिच्याकडे माहिती मागायची आहे. त्रास कोणत्या वयात सुरू झाला, कोणत्या औषधाने बरे वाटले आणि कोणते सोसले नाही, हे तिच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही. नातलगांपैकी कोणाला उन्मादाचे, म्हणजे झोप न घेताही अतिउत्साहात राहण्याचे, झटके येत होते का, हे तर आवर्जून विचार. कारण द्विध्रुवी विकाराची, म्हणजे नैराश्य आणि उन्माद असे दोन्ही झटके येणाऱ्या आजाराची, शक्यता असेल तर डॉक्टर नैराश्याचे औषध निराळ्या विचाराने निवडतात. हे सारे एका कागदावर लिहून पहिल्याच भेटीत त्यांच्या हाती दे.