थायरॉइडची गोळी नुकतीच सुरू झालीय? मग हे वाचा

रिपोर्टवर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन) वाढलेला दिसला की थायरॉइड जास्त काम करतेय असं वाटतं. बहुतेक वेळा उलट असतं. टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. रक्तात टी-४, म्हणजे थायरॉइड बनवते तो हार्मोन, कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवून थायरॉइडला जोर लावायला लावते. गोळीतून पुरेसं टी-४ मिळालं की तो हळूहळू उतरतो.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहासुद्धा नंतर किमान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांत ४ तासांचं अंतर हवंच, कारण पोटात त्या टी-४ला बांधून ठेवतात आणि औषध रक्तात नीट पोचत नाही. डोस वाढवूनही टीएसएच हटत नसेल तर आधी हेच तपासा.

रक्तातलं टी-४ निम्म्यावर यायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे पातळी स्थिरावायला ५-६ आठवडे जातात. पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करून घाबरून जाऊ नका. ६ ते ८ आठवड्यांनी करा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आधीच सांगा, त्याने आकडे फसवे येऊ शकतात.

छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं ही डोस जास्त झाल्याची लक्षणं असू शकतात, डॉक्टरांना कळवा. दिवस राहिले तर मात्र लगेच फोन करा, तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो. गोळी मनाने कधीच बंद करू नका.