साप म्हणून भुई धोपटू नकोस

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं आणि सोबतची तुझ्या वावड्यांची, म्हणजे अ‍ॅलर्जींची यादीही. मोजली, १७ नावं भरली. शेवटची ओळ तर 'बहुतेक सगळे वास' अशी आहे. तू म्हणतोस की डॉक्टर यादी हातात घेतात, दोन ओळी वाचतात आणि तुझ्याकडे अशा नजरेने बघतात की तूच खोटारडा ठरतोस. ती नजर मी ओळखते. पण राग मानू नकोस, त्यांच्या खुर्चीत मी असते तर मीही गोंधळले असते.

तुझ्या वयात माझी वही याहून लांब होती. तिच्यात पहिलं नाव पेनिसिलिन. लहानपणी तापात ते दिलं, अंगभर पुरळ उठलं, कुणीतरी कागदावर 'चालत नाही' असं लिहिलं, आणि तो शिक्का तीस वर्षं माझ्यामागे फिरला. दर वेळी दुसरं, जास्त जड अँटिबायोटिक घ्यायचं. शेवटी रीतसर तपासणी झाली, देखरेखीखाली डोस दिला, तासाभराने मी चहा पीत बसले होते. काहीही झालं नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं समजून चालणाऱ्या १० जणांपैकी ९ जणांना तपासणीत ते सहज चालतं. बालपणी तापात उठलेलं पुरळ पुष्कळदा त्या विषाणूचंच असतं. आणि वावडं खरं असलं तरी तेही ओसरतं, १० वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांचं.

ज्याने मला खरोखर मरणाच्या दारात नेलं, ते नाव मात्र वहीत नव्हतंच. आधी पित्तावरची एक गोळी घेतली, तळहात खाजले. वहीत गोळीचं नाव टाकलं. मग गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, त्यानंतर गांध्या आणि उलटी. वहीत इंजेक्शनचं नाव. मग आतड्याच्या तपासणीआधी पोट साफ करायचं औषध दिलं. ते लिटरभर पाण्यात घोळून प्यायचं असतं. अर्धाच पेला पोटात गेला आणि मी जमिनीवर. तीन औषधं, तीन ओळी, एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असंच सगळे समजत होते. एका अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बाईंनी तिन्ही खोक्यांतले कागद मागवले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एका शब्दावर तीनदा बोट ठेवलं: मॅक्रोगोल. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे त्याचं दुसरं नाव. ते गोळीच्या वेष्टनात असतं, काही इंजेक्शनांत असतं, काही लसींत असतं, आणि जुलाबाच्या औषधात तर तेच मुख्य. माझ्या तीन ओळींची एक ओळ झाली. त्या दिवशी मी घाबरायला हवं होतं, पण मला हलकं वाटलं.

म्हणून तुला पहिल्यांदा हेच सांगते. औषधाचं नाव ही अर्धीच माहिती. ज्या खोक्यातल्या औषधाने त्रास झाला ते खोकं, तो आतला बारीक अक्षरांचा कागद, काहीही टाकू नकोस. त्याच औषधाचा दुसऱ्या कंपनीचा अवतार तुला बिनत्रास चालला असेल तर तेही लिहून ठेव. 'काय चाललं' हे 'काय चाललं नाही' याइतकंच मोलाचं असतं, आणि ते कुणीच लिहीत नाही.

आता तुझी यादी. मी डॉक्टर नाही, माझे अंदाज तू तिथे जाऊन पडताळून घ्यायचे आहेत.

केळं, किवी, अ‍ॅव्होकॅडो आणि फुगे. ही चार नावं तू चार ठिकाणी लिहिली आहेस, ती एकत्र वाच. झाडाच्या चिकापासून होणाऱ्या नैसर्गिक रबरातली, म्हणजे लॅटेक्समधली काही प्रथिनं आणि या फळांतली प्रथिनं एकमेकांना इतकी सारखी असतात की शरीर त्यांत फरक करत नाही. फळांनी तोंड खाजतंय तोवर माणूस हसून नेतो. पण दाताच्या डॉक्टरकडे किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर, जिथे रबरी हातमोजा तोंडाच्या आत किंवा पोटात जातो, तिथे हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. कंडोमही बहुतेक लॅटेक्सचेच असतात, संकोच न करता दुसऱ्या प्रकारचे विचार. हे तपासून घेण्याआधी कुठलीही शस्त्रक्रिया ठरवू नकोस, निदान भूलतज्ज्ञाला सांगितल्याशिवाय तरी नाहीच.

प्रयोगशाळेतले हातमोजे तू याच ओळीत घातलेस, ती मात्र गल्लत वाटते. तू लिहितोस की हात दुसऱ्या दिवशी फुटतात, भेगा पडतात, आणि निळ्या नायट्राइलच्या मोज्यांनीही तसंच होतं. नायट्राइल हे कृत्रिम रबर, त्यात लॅटेक्स नसतं. पण रबर पक्कं करायला जी रसायनं घालतात, थायुराम वगैरे, ती दोन्हींत असू शकतात. तो वेगळा आजार, त्याची तपासणीही वेगळी.

आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक. पत्रात खाली तू सहज लिहिलंयस की आता अ‍ॅस्पिरिन घेऊन बघणार आहेस. घेऊ नकोस! ही तिन्ही औषधं शरीरातला एकच दरवाजा बंद करतात, कॉक्स-१ नावाचं विकर. ज्याला त्या दरवाज्याचाच त्रास आहे, त्याला तिसरी किल्लीही त्रास देणार. नाकात मांस वाढणं आणि दमा यांच्या जोडीने हे आलं तर जास्तच जपावं लागतं, आणि तुला दमा आहे. कोणतं वेदनाशामक चालेल ते देखरेखीखाली ठरवून घे.

आयोडीनवर सरळ काट मार, असं माझं मन म्हणतं. कोळंबीने ओठ सुजतात म्हणून तुला कुणीतरी आयोडीन बंद सांगितलं. कोळंबीचं वावडं हे तिच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाचं असतं, आयोडीनचा तिथे काही संबंध नाही. आयोडीन तर आपल्या थायरॉइडलाच लागतं. तसंच 'सल्फा' या एका ओळीखाली तू अँटिबायोटिक, सुकवलेल्या फळांतलं सल्फाइट आणि शाम्पूतलं सल्फेट तिन्ही कोंबलीस. नावं मावसभावंडांसारखी वाटली तरी ती एका घरातली नाहीत. एकाचं वावडं म्हणून दुसरं बंद करायचं कारण नाही.

बघ, पाच मिनिटांत १७ ची किती राहिली.

यादी लांब झाली की माणसाला सुरक्षित वाटतं. मलाही वाटायचं. पण खऱ्या सापाऐवजी सगळी भुईच धोपटत बसलो की दोन तोटे होतात: साप निसटतो, आणि चालायला जागा उरत नाही. आपल्यासारख्यांसाठी दुसरं कुणी यादी करत नाही. युरोपात खाण्याच्या पाकिटावर अ‍ॅलर्जीचे १४ घटक ठळकपणे सांगावे लागतात, अमेरिकेत ९, त्यातले तीळ तिथे २०२३ पासून आले. आपलं वावडं त्यांत नसलं तर ते 'मसाले' किंवा 'स्वाद' अशा एका शब्दात बिनदिक्कत लपू शकतं. मग आपली वही हाच कायदा. तो नेमका हवा.

नेमकेपणा येतो घड्याळातून. त्रास झाला की आपण शेवटचा घास आठवतो आणि तिथेच फसतो. अंगावर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं हे बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत होतं. पण निकेल, केसांचा रंग, चिकटपट्टीतला डिंक यांची पुरळ एक ते तीन दिवसांनी येते. बुधवारी हात फुटला तर सोमवारचं काय ते बघ. आणि मधल्या वेळेतली एक चमत्कारिक गोष्ट आहे, तिला अल्फा-गॅल म्हणतात. काही जातींची गोचीड चावली की माणसाच्या शरीरात एका साखरेविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. ती साखर गाय, डुक्कर, बकरी यांच्या मांसात असते. मांस खाल्लं की ३ ते ६ तासांनी, म्हणजे मध्यरात्री, गांध्यांनी जाग येते आणि जेवणावर कुणाचाच संशय जात नाही. २००८ मध्ये हे कोडं सुटायला लागलं ते कर्करोगाच्या एका औषधामुळे. सेटुक्सिमॅबच्या पहिल्याच डोसाला काही रुग्ण कोसळत होते, कारण त्या औषधातही तीच साखर होती आणि प्रतिपिंडं आधीपासून अंगात तयार होती. गोचीड, मांस, औषध: वहीत तीन वेगळ्या ओळी, मूळ एकच. माझ्या मॅक्रोगोलसारखंच.

वेळेबरोबर आणखी काय घडलं तेही लिही. गहू एरवी चालतो, पण खाऊन धावायला गेलं की जिवावर बेतणारा अ‍ॅलर्जीचा झटका, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस होतो, अशी माणसं असतात. वेदनाशामक, दारू, ताप, अपुरी झोप यांनीही पारडं झुकतं. 'कधी होतं, कधी नाही' हे ऐकून लोक म्हणतात मनाचे खेळ आहेत. बहुतेक वेळा ते न लिहिलेल्या दुसऱ्या कारणाचे खेळ असतात. पुरळाचा फोटो काढ, डॉक्टरकडे पोचेपर्यंत ती हमखास नाहीशी होते.

वस्तूंबद्दल थोडक्यात. बेंबीखालचा तुझा तो चट्टा बटणाच्या आकाराचा आहे, म्हणजे निकेलवर संशय घ्यावाच. डायमिथिलग्लायऑक्झिमचे थेंब मिळतात, कापसावर घेऊन धातूवर घासायचे, गुलाबी झालं तर निकेल सुटतंय. मी नव्या चष्म्याची काडीही अशीच तपासते, दुकानदार बघत राहतात. प्रसाधनांवर 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' छापलेलं असतं, त्या शब्दावर विसंबू नकोस, अमेरिकेत तरी त्याला कायद्याची कसलीही व्याख्या नाही. मागे उलटवून घटक वाच. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे एका टिकवणाऱ्या रसायनाचं (प्रिझर्व्हेटिव्हचं) लांबलचक नाव मी पाठ केलं आहे. ओल्या पुसण्यांपासून भिंतीच्या रंगापर्यंत ते कुठेही भेटतं.

आणि इंटरनेटवरून मागवलेला तो शंभर पदार्थांचा आयजीजी अहवाल फाडून टाक. आयजीजी ही रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं; ती दिसली म्हणजे तू तो पदार्थ खातोस, एवढंच. तुझ्या यादीतली सहा नावं तिथूनच आलीत ना?

आता ज्या बाबतीत मी हट्टी आहे ते. १९०२ मध्ये पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच संशोधकांनी कुत्र्यांना समुद्रफूल नावाच्या सागरी प्राण्याचं विष थोडं थोडं टोचलं. त्यांना वाटलं, कुत्री त्याला सरावतील. काही आठवड्यांनी पहिल्याहून कमी डोस दिला तर कुत्री मिनिटांत मेली. अ‍ॅनाफिलॅक्सिस हा शब्द त्यांनी तिथे घडवला, आणि रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. म्हणून 'मागच्या वेळी नुसतं खाजलं होतं' हा पुढच्या वेळचा दाखला नव्हे.

श्वास, आवाज, भोवळ यांपैकी काही बिघडलं की अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आधी अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन बघू, असं नाही. ती गोळी खाज थांबवते, बंद होणारा घसा उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब चढवत नाही. टोचल्यावर आडवं पड, पाय वर. श्वास लागत असेल तर बसून राहा, पण उठून चालू नकोस. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरं इंजेक्शन, आणि बरं वाटलं तरी रुग्णालय. तिथे ट्रिप्टेजसाठी (अशा झटक्यात रक्तात वाढणारा घटक) रक्त घ्यायला सांग, शक्यतो दोन तासांच्या आत, फार तर चार. तो आकडा नंतर कुठल्याही वादापेक्षा जास्त बोलतो. तुझ्याकडे इंजेक्शन नाही असं तू लिहिलंस. डॉक्टरांकडे हा पहिला प्रश्न, यादी नंतर.

मी कोसळले त्या दिवशी काय केलं, सांगू? चारचौघांत तमाशा नको म्हणून मुकाट्याने उठून बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. कडी तोडावी लागली. खूप लोक असंच करतात. तू जिथे बसला असशील तिथेच, मोठ्याने सांग.

लोकांशी बोलताना 'यात अमुक आहे का' असं विचारू नकोस. आपलं अमुक त्यांनी ऐकलेलंच नसतं, ते प्रेमाने 'नाही' म्हणतात. 'यात काय काय घातलंय' असं विचार. दवाखान्यात 'अ‍ॅलर्जी आहे' म्हणण्यापेक्षा काय झालं, किती वेळात झालं, कशाने थांबलं ते सांग. ती नजर तिथेच बदलते, मी पाहिलंय.

तुझी तपासणी पुढच्या महिन्यात आहे ना? त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी अ‍ॅलर्जीची गोळी साधारण आठवडाभर बंद ठेवावी लागते, कधीपासून ते त्यांनाच विचार. दम्याची औषधं मनाने बंद करू नकोस. पाठीवर पट्ट्या लावतील त्या ४८ तास राहतात, आणि काढल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा वाचतात. ती दुसरी खेप चुकवू नकोस, निकेलसारख्या आळशी गोष्टी तिथेच दिसतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं खेळायचं नाही. चाचणीत एखादं नाव उमटलं तरी लगेच वहीत घालू नकोस. उमटणं वेगळं आणि त्रास होणं वेगळं, हे त्यांच्याकडून नीट समजून घे.

खोकी आणि कागद एका पिशवीत घालून ने. १७ पैकी किती उरली ते कळव. माझा अंदाज ५, आणि त्या पाचांत एखादं असं निघेल जे आज तुझ्या यादीत नाहीच.

तुझी,
मावशी