आठ वर्षांचा रॅपर

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे, रॅप छान करतो. एका कंपनीने तीन वर्षांचा करार आणि पणजीत सशुल्क कार्यक्रम देऊ केला आहे. काय करावं? – एक आई, फोंडा

उत्तर : करारावर घाईने सही करू नका. १८ वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने रद्दबातल ठरतो, म्हणून कंपनी तुमची सही मागेल. गाण्यांचे हक्क कायमचे लिहून घेतलेले नाहीत ना, हे वकिलाकडून तपासा.

मुलगा १४ वर्षांखालचा असल्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती आयोजकाने काढायची, तुम्ही नव्हे. प्रत मात्र मागून घ्या. काम दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नको, सलग ३ तासांहून अधिक तर नाहीच. मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत. आणि मुलाची स्वतःची तयारी हवीच. ‘आज नको’ म्हणाला तर तिथेच थांबा.

आम्हाला खरी काळजी आवाजाची वाटते. मोठ्या रॅपरसारखा जाड, घोगरा आवाज काढताना मुलं गळा आवळतात, स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. मिनिटाला ९० बीट्सच्या ठेक्यावर, बोलतो त्याच पट्टीत, २० मिनिटं सराव पुरे. ओळीच्या शेवटी धाप लागत असेल तर शब्द कमी करा, वेग वाढवू नका. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

शिव्या, बंदुका असलेली गाणी त्याच्या तोंडी देऊ नका. शाळा, घर, शिगमो, समुद्र यांवर त्यालाच चार ओळी लिहू द्या.