नवी स्पोर्ट्‌स कार आणि आपल्याकडचे गतिरोधक

या सदराकडे एरवी ट्रॅक्टरचा क्लच, जुन्या जीपची नोंदणी आणि दुचाकीचे ॲव्हरेज असेच प्रश्न अधिक येतात. या वेळी मात्र नवीकोरी स्पोर्ट्‌स कार घरी आणलेल्यांची चार पत्रे आली असून त्यांपैकी तीन सांगली-मिरजेची आणि एक साताऱ्याचे आहे. विषय एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय बावन्न असून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे वर्कशॉप आहे. दोन आसनांची, छत उघडणारी गाडी घ्यायची ही विद्यार्थिदशेतली इच्छा होती, ती तीन आठवड्यांपूर्वी पूर्ण झाली आणि पुण्याहून बीएमडब्ल्यू झेड फोर घरी आली. आईने गाडीला ओवाळले, बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढले, अक्षता टाकल्या. सगळे आनंदात होते आणि मी मात्र रंगाला काही होणार नाही ना, या काळजीने हातात रुमाल घेऊन उभा होतो. आजवर गाडी 410 किलोमीटर चालली आहे आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पहिल्याच दिवशीचे आहेत. सध्या ती विश्रामबागेतील घराखाली कव्हर घालून उभी असते आणि रात्री जेवण झाल्यावर मी कव्हर बाजूला सारून तिला पाहून येतो. गतिरोधकावर खालून घासल्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो. गाडी कमीत कमी वापरून जपावी की नियमित चालवावी? रंगाची काळजी कशी घ्यावी?

उत्तर : सर्वप्रथम, हातातल्या त्या रुमालाने आपण स्वस्तिक पुसले नसावे, अशी आशा आहे. हळद कापडाला डाग पाडते, परंतु गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो आणि त्यावरून ती पाण्याने निघून जाते. चरे पडतात ते कोरड्या फडक्याखाली अक्षतांचे कण आणि धूळ रगडली गेल्यामुळे. आधी भरपूर पाणी ओतावे, मग मऊ मायक्रोफायबर कापड हलक्या हाताने फिरवावे. स्वस्तिक दोन दिवस राहिले तरी बिघडत नाही. आईंना यातले काही सांगण्याची गरज नाही.

आता मुख्य प्रश्न. आपण गाडी जपत आहात असे आपल्याला वाटते, परंतु मला तसे वाटत नाही. गाडी बंद असतानाही तिच्यातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थोडी थोडी वीज घेत राहते आणि काही आठवड्यांत बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दबून राहतात आणि नंतर चाक फिरताना थरथर जाणवते. पावसाळ्यात ब्रेकच्या तबकड्यांवर गंज धरतो. आणि कव्हरखालच्या उबदार अंधारात उंदीर वायरी कुरतडतात, ज्याचा अनुभव सांगलीत कोणत्याही गोदामवाल्याला विचारावा. शिवाय विश्रामबागेतून गणपती मंदिरापर्यंत जाऊन परत येण्याला मी चालवणे म्हणत नाही, कारण एवढ्या अंतरात इंजिनातले तेल पुरते तापत नाही आणि आत जमलेली ओल तशीच राहते. आठवड्यातून एकदा तरी सलग तास-दीड तास गाडी बाहेर काढावी. रविवारी उजाडल्यावर मिरजेहून पंढरपूरच्या दिशेने निघून, दंडोबाचा डोंगर मागे टाकून कवठेमहांकाळपर्यंत जाऊन यावे. छत उघडावे, द्राक्षबागांमधली सकाळची हवा घ्यावी. गाडी यासाठीच घेतली होती ना? महिनाभर परगावी जायचे असेल, तरच बॅटरी भरलेली राखणारा देखभाल-चार्जर लावून ठेवावा.

पहिले 2000 किलोमीटर मात्र संयम हवा. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत या काळात एकमेकींना घासून रुळतात, म्हणून इंजिनाचे फेरे मिनिटाला 4500 च्या आत ठेवावेत आणि ॲक्सिलरेटर तळाशी दाबू नये. त्याचबरोबर तासन्‌तास एकाच वेगाने चालवणेही टाळावे. वेग थोडा कमीजास्त होत राहिलेला बरा. नव्या टायरची पकड सुमारे 300 किलोमीटरपर्यंत पूर्ण आलेली नसते आणि ब्रेकचे पॅड तबकडीवर नीट बसायला 500 किलोमीटर लागतात. आपण वर्कशॉप चालवता, तेव्हा नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकत नाहीत, हे आपल्याला मी सांगावे असे नाही.

गतिरोधकांविषयी आपली तक्रार रास्त आहे. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. असा गतिरोधक आपली गाडीही सावकाश पार करते. आपल्याकडे मात्र गावोगावी हातभर रुंद आणि वीतभर उंच असा डांबराचा वरवंटा रस्त्यात आडवा टाकलेला आढळतो. त्यावर गाडी सरळ नेली की पुढची चाके उतरताच पोट टेकते. उपाय असा की, मागून-पुढून कोणी येत नसल्याची खात्री करून गाडी तिरकी घ्यावी, म्हणजे एकेक चाक चढते व उतरते आणि मधला भाग उचललेला राहतो. शंका आली तर खाली उतरून पाहावे, त्यात कमीपणा नाही. माझ्या परिचयातील एक गृहस्थ गाडीत लाकडी फूटपट्टी ठेवतात. लोक हसतात, परंतु त्यांच्या बंपरची खालची कड तीन वर्षांनंतरही शाबूत आहे. घराच्या फाटकाचा उतार तेवढा गवंड्याकडून लांबवून घ्यावा, कारण तो आपल्याला रोज दोनदा पार करायचा आहे.

खड्ड्यांची भीती गतिरोधकाहून अधिक बाळगावी. आपल्या पुढच्या टायरवर 255/35 आर 19 असे लिहिलेले असेल, तर 255 ही मिलिमीटरमधली रुंदी आणि 35 हे टायरच्या बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण होय. म्हणजे रस्ता आणि मिश्रधातूची रिम यांच्यामध्ये जेमतेम नऊ सेंटिमीटर रबर आहे. धारदार कडेच्या खड्ड्यात चाक आदळले की टायरला फुगा येतो किंवा रिम वाकते. जादा चाक गाडीत नसते, म्हणून दर पंधरवड्याला टायर थंड असताना हवा तपासावी आणि रस्त्यात गाडी बंद पडल्यास ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याचा सल्ला कितीही प्रेमाने दिला गेला तरी नाकारून गाडी पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवावा.

गळीत हंगामाविषयी वेगळे लिहितो, कारण हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिवाळीनंतर या जिल्ह्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून उसाची वाहतूक सुरू होते. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, परावर्तक असलाच तर चिखलाने झाकलेला असतो आणि उसाची टोके ट्रॉलीच्या बाहेर आलेली असतात. उंच गाडीच्या चालकाला त्या अंधारात निदान काहीतरी दिसते. आपण मात्र इतके खाली बसलेले असता की समोर येते ती ट्रॉलीची मागची फळी, आणि तीही थेट काचेच्या उंचीवर. शेतातून रस्त्यावर आलेला चिखल आणि पडलेले वाढे (उसाचे हिरवे शेंडे) यांवरून रुंद टायर सहज घसरतात. म्हणून हंगामात अंधार पडल्यावर ही गाडी तालुक्याच्या रस्त्यांवर काढू नये, एवढे बंधन आपण स्वतःला घालून घ्यावे.

रंगासाठी पुढचा बंपर, बॉनेट आणि दारांखालच्या पट्ट्यांवर पारदर्शक पीपीएफ फिल्म लावून घ्यावी. ती पॉलियुरेथेनची असते आणि उडालेल्या खडीचा मार स्वतः सोसते. सिरॅमिक कोटिंगने पाणी व माती ओघळून जाते, खडी थांबत नाही. दोन्ही एकच असल्याचे सांगणाऱ्याकडून काम करून घेऊ नये. प्रेशर वॉशरची धार कापडी छतावर जवळून मारू देऊ नये. राहिला पेट्रोलचा मुद्दा. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेला ऑक्टेनचा आकडा पाहून एक्सपी 95 सारखे पेट्रोल भरावे. पेट्रोलमधले इथेनॉल, जे आपल्याच जिल्ह्यातील कारखान्यांतही तयार होते, हवेतील ओल ओढून घेते, हे गाडी उभी न ठेवण्याचे आणखी एक कारण आहे.

सिग्नलला लोक फोटो काढतात, तर काढू द्यावेत. ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र तयार ठेवावे, तो सुटत नाही.

प्रश्न : आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी घरात पुराचे पाणी आले होते. मुलाने नुकतीच स्पोर्ट्‌स कार घेतली आहे. विमा प्रतिनिधी ‘सगळे कव्हर आहे’ असे म्हणतो. हे खरे मानावे का?

उत्तर : ‘सगळे’ हा शब्द पॉलिसीत कोठे छापलेला आहे, ते त्यांनाच दाखवायला सांगावे. नव्या गाडीला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि त्याचे नूतनीकरण विसरले जाते. विम्याच्या या भागात पुराचा समावेश असतो. तथापि, पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू केल्यामुळे इंजिन बिघडले तर साध्या पॉलिसीत भरपाई नाकारली जाते. असे होते ते यामुळे की, हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर घ्यावे लागते आणि गावभागात राहणाऱ्याने ते घेतलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे, रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर साध्या पॉलिसीत 50 टक्के घसारा कापला जातो. स्पोर्ट्‌स कारचा बंपर प्लॅस्टिकचाच असतो आणि सर्वांत आधी तोच घासतो, म्हणून घसारा न कापणारे ‘झिरो डेप्रिसिएशन’ कव्हर घ्यावे. तिसरे, गाडी पूर्ण नष्ट झाली किंवा चोरीस गेली तर मिळणारी रक्कम शोरूमच्या किमतीतून घसारा वजा करून ठरते. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीसाठी हा घसारा 5 टक्के आणि त्यानंतर वर्षापर्यंत 15 टक्के धरतात. भरलेला रस्ता कर त्यात येत नाही. महागड्या गाडीत हा फरक मोठा असल्याने बिलाइतकी रक्कम देणाऱ्या ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ कव्हरची चौकशी करावी. किरकोळ ओरखड्यासाठी दावा मात्र करू नये. एक वर्ष दावा न केल्यास पुढच्या हप्त्यावर 20 टक्के सवलत मिळते, ती त्यात जाते.

आणि विम्यापेक्षा स्वस्त उपाय असा की, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली आणि कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की, धान्याची पोती वर चढवण्याआधी गाडी मिरजेच्या बाजूला उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवावी. एकदा पाणी दारात आले की इतकी खुजी गाडी गल्लीतून निघत नाही.

प्रश्न : मी साताऱ्यात वैद्यकीय व्यवसाय करते. कापडी छताची, मागच्या चाकांना शक्ती देणारी गाडी घेतली आहे. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटाने कासला जाणे सुरक्षित आहे का?

उत्तर : डॉक्टर, जरूर जावे, पण कास ही वेगाची जागा नव्हे. घाटात ओल्या वळणावर मध्येच ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाके बाहेर फेकली जातात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पुष्कळ सावरते, तरी ते बंद करण्याचा मोह टाळावा. वेग वळणाआधी कमी करावा, वळण सरळ झाल्यावरच वाढवावा. रुंद टायरखालून पाणी बाहेर पडायला वेळ लागतो आणि साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगू शकते. उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवण्याऐवजी खालचा गिअर घ्यावा. दाट धुक्यात अप्पर दिवा लावू नये, तो उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. छत ओले असताना दुमडून ठेवू नये, कापडाला बुरशी धरते. आणि पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढावा लागतो, तेव्हा ट्रकच्या अगदी शेजारून चालू नये. आपण त्याच्या आरशात दिसतच नसता.

प्रश्न : आमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. वडिलांची नवी स्पोर्ट्‌स कार ‘फक्त मिरज-सांगली रस्त्यावर, पहाटे’ चालवू द्या म्हणतो. वडिलांचेही मन द्रवले आहे. काय करावे?

उत्तर : देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199 अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हा मजकूर वडिलांना वाचून दाखवावा. नव्या गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळतात. दुसरी सध्या कोणाच्या कप्प्यात आहे, तेही आज संध्याकाळीच पाहून घ्यावे.