क्षमा केली म्हणते, पण मनातली अढी जात नाही. माझी क्षमा खोटी आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सख्ख्या बहिणीने पैशांत फसवलं, तुम्ही प्रार्थनेत तिला क्षमा केली, तरी तिचं नाव निघालं की जीव जळतो. माझ्या मते तुमची क्षमा खोटी नव्हती. ती पहिली होती, एवढंच.

मी भावाशी सहा वर्षं बोललो नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात तो एकदाही फिरकला नाही. हॉस्पिटलच्या, औषधांच्या सगळ्या पावत्या मी फाइलला लावून ठेवल्या होत्या, कधीतरी त्याच्यासमोर टाकायच्या म्हणून. आणि रोज रात्री प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ म्हणत होतो. एका रात्री ते शब्द घशातच अडकले. फाइल त्याच खोलीत, कपाटात होती.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. आणि लगेच त्या चाकराची गोष्ट सांगतो. राजाने त्याचं १०,००० तालंतांचं कर्ज सोडलं, आणि त्याने बाहेर पडताच १०० दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, आणि एक तालंत सुमारे ६,००० दीनारांचा. राजाचं देणं कितीही जन्म राबून फिटलं नसतं, हे खरंच. पण १०० दीनारही थोडे नाहीत हो, तीन महिन्यांहून जास्त मजुरी आहे ती! आपलं दुखणं क्षुल्लक आहे असं येशू कुठे म्हणतच नाही. मला याचाच मोठा आधार वाटला. जे बुडालं ते बुडालं, त्याचा आकडाही मला ठाऊक आहे, आणि आता ते मी मागणार नाही. क्षमा मला अशी कळली.

मी फाइल काढली. बऱ्याच पावत्यांवरची अक्षरं उडून गेली होती, तरी आकडे मला पाठ होते. सगळ्या फाडल्या. आठवड्याभरात राग परत आला, तेव्हा पुन्हा म्हटलं, ‘प्रभू, सोडलं.’ साताच्या सत्तर वेळांतल्या कितीतरी वेळा एकाच जुन्या अपराधासाठी लागतात, असं मला आता वाटतं.

डच ख्रिस्ती लेखिका कोरी टेन बूम यांची बहीण नाझींच्या राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. १९४७ मध्ये म्युनिकला तिथलाच एक पहारेकरी क्षमा मागत हात पुढे करून त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांचा हात उचलेना. मनात प्रेमाचा लवलेश नव्हता. येशूकडे मदत मागून त्यांनी नुसता हात पुढे केला, मन नंतर वळलं. तेव्हा मन विरघळायची वाट बघत बसू नका.

आणि बहिणीच्या हाती पुन्हा व्यवहार द्यायलाच हवा, असं मुळीच नाही. बायबलमधल्या योसेफाला भावांनीच विकलं होतं, त्यानेसुद्धा त्यांना आधी पारखलं, मग ओळख दिली.

गेल्या महिन्यात मी भावाला फोन केला. त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो. वडिलांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.