रेडझेड-१ पूलवर कॉपीचा वेग काही मिनिटांनी का कोसळतो

तुमची अडचण अशी: ४ डिस्कचा रेडझेड-१ पूल (झेडएफएस फाइल सिस्टिममध्ये अनेक डिस्क जोडून केलेला साठा, ज्यात एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), गिगाबिट नेटवर्क, मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला सेकंदाला ११० एमबी आणि काही मिनिटांनी १०-१५. हे नेटवर्कचं लक्षण वाटत नाही. ११० म्हणजे गिगाबिट जवळपास भरलेलं; केबल खराब असती तर बहुधा पहिल्यापासूनच रडली असती. शंका असेल तर आयपर्फ ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) दहा मिनिटं चालवा. ९४० मेगाबिटच्या आसपास टिकलं की नेटवर्कचा विषय संपला.

आता कॉपी चालू असतानाच सर्व्हरवर, प्रत्येक डिस्कचं काम दाखवणाऱ्या 'झेडपूल आयओस्टॅट' कमांडला व्ही आणि एल हे पर्याय लावून दर ५ सेकंदांचे आकडे घ्या. पहिला संच सोडून द्या, ती बूटपासूनची सरासरी असते. नजर 'डिस्क वेट'च्या, म्हणजे डिस्कला काम उरकायला लागलेल्या वेळेच्या, रकान्यावर ठेवा. तीन डिस्क १०-२० मिलिसेकंदांत मोकळ्या होतायत आणि चौथी अर्धा-एक सेकंद घेतेय, तर तीच अख्ख्या पूलला धरून बसलीय, कारण रेडझेडमध्ये मोठा ब्लॉक सगळ्या डिस्कवर विभागून लिहिला जातो. तिचं स्मार्ट (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) बघा: ५, १९७ किंवा १९८ क्रमांकाचा आकडा (खराब सेक्टर) वाढत असेल तर डिस्क बदला. फक्त १९९ (जोडणीतल्या चुका) वाढत असेल तर आधी साटा केबल बदला.

चारही सारख्याच रखडत असतील तर मॉडेल नंबर तपासा. डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या ईएफएएक्स डिस्क एसएमआर आहेत, हे कंपनीने २०२० मध्ये सांगितलं, तेही आरडाओरडा झाल्यावर. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. मधला बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. म्हणून डिस्क आधी एका राखीव पट्ट्यात लिहून घेते. तो भरला की वेग आपटतो. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

पूल ९० टक्क्यांवर भरलाय का आणि स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालू आहे का, हेही पाहून घ्या. एसएलओजीसाठी (सिंक राइट आधी टिपून घेणारं वेगळं उपकरण) एसएसडी मात्र एवढ्यात घेऊ नका: अडचण सिंक राइटची, म्हणजे डेटा पक्का लिहिला गेल्याची खात्री होईपर्यंत थांबणाऱ्या लिखाणाची, असती तर सुरुवातही संथ झाली असती. एल-२ आर्क (एसएसडीवरचा कॅश) वाचनासाठी असतो, इथे निरुपयोगी. आणि डीडी कमांडने शून्यं लिहून वेग मोजू नका. कॉम्प्रेशन चालू असेल तर ती डिस्कपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत.

एसएमआर निघाल्या तर एकेक करून सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढणाऱ्या) डिस्क लावा. आधी बॅकअप घ्या. शक्य असेल तर जुनी डिस्क न काढता नवी जोडून 'झेडपूल रिप्लेस' करा, म्हणजे रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा भरणं) होईपर्यंत पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत मिळवून देणारी जादा माहिती) शाबूत राहते.